मुद्रा, तोतया आणि परवलीचा शब्द : ओळखीच्या पुराव्याचा एक ऐतिहासिक विचार

१

भ्रमणध्वनी, संगणक आणि आंतरजाल यांच्या द्वारा सामान्य माणसाची जी फसवणूक आज सर्वत्र होत आहे, तिचा विचार बहुधा तंत्रज्ञ, पोलीस अधिकारी आणि कायदेपंडित हेच करीत असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. परंतु या फसवणुकीचे प्रकार एकामागून एक तपासून पाहिले, तर त्यांतील फार मोठ्या भागात कोणतेही कुलूप फोडलेले नसते, असे दिसून येते. कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने बोलतो. ऐकणारा त्यावर विश्वास ठेवतो. आणि स्वतःच्या हाताने किल्ली त्याच्या स्वाधीन करतो. हा प्रकार यंत्रयुगाच्या पूर्वीचा आहे. मराठीत त्याला 'तोतयेगिरी' असा नेमका शब्दही आहे.

समोर येणारा मनुष्य अथवा कागद ज्याच्या नावाने येतो त्याचाच आहे, हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक राज्यव्यवस्थेला आणि प्रत्येक पेढीला सोडवावा लागला आहे. त्याच्या उत्तरांचा क्रम पाहिला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सत्तेपुढे सामान्य माणसाने आपली ओळख सिद्ध करण्याची साधने गेल्या दीड शतकात उत्तरोत्तर वाढत गेली. परंतु सत्तेच्या नावाने जो आपल्या दाराशी येतो त्याची ओळख सामान्य माणसाने कशी पटवावी, याची साधने त्या मानाने वाढली नाहीत. आजच्या तोतयांचे बळ मुख्यतः या विषमतेत आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा हेतू आहे.

२

मराठा राज्यातील पत्रव्यवहाराची पद्धती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. राजपत्राच्या माथ्यावर राजाची वा प्रधानाची मुद्रा असे, आणि मजकूर संपल्यावर शेवटी मोर्तब होई. या शेवटच्या लहान मुद्रेचे प्रयोजन लक्षात घेण्याजोगे आहे. येथे मजकूर संपला, याच्या खाली कोणी काही वाढविल्यास ते आमचे नव्हे, असे ती सांगे. पेशवाईतील पत्रांच्या अखेरीस येणारी 'लेखनसीमा' हीच मर्यादा दर्शविते. याशिवाय चिटणिसाचे परिचित हस्ताक्षर आणि दप्तरी नोंद झाल्याचे 'सुरू सूद', 'बार सूद' यांसारखे शेरे यांमुळे पत्राच्या खरेपणाची पडताळणी एकाहून अधिक मार्गांनी करता येई. अत्यंत नाजूक मजकूर कागदावर न घालता विश्वासू मनुष्याबरोबर मुखजबानी सांगून पाठविण्याची चालही होतीच.

आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, मुद्रेने पाठविणाऱ्याची ओळख पटे आणि मोर्तबाने मजकुराची अभंगता सिद्ध होई. ही दोन कार्ये भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे पुरावा देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर, म्हणजे सत्तेवर होती. देशमुख, पाटील वा किल्लेदार यांच्या हाती जो हुकूम पडे तो स्वतःच्या खरेपणाची साक्ष घेऊन येई.

अर्थात या व्यवस्थेतही बनावट कागद होत असत. वतनाच्या तंट्यांत खोटी पत्रे पुढे आल्याची उदाहरणे विरळ नाहीत. परंतु अशा प्रसंगी निवाडा एकट्यादुकट्याच्या अंदाजावर सोपविला जात नसे. गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर अनेकांच्या साक्षीने तयार होई. ओळख पटविणे हे सार्वजनिक आणि सावकाशीने करावयाचे काम आहे, अशी त्या काळची समजूत होती.

३

या व्यवस्थेची खरी कसोटी भाऊसाहेबांच्या तोतयाच्या प्रकरणात लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या शवाची ओळख पटवून अंत्यसंस्कार झाल्याचे काशिराजाच्या वृत्तांतात आले आहे. तरीही भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वदंता थांबल्या नाहीत, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्य कधीच स्वीकारले नाही. या वातावरणात सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत त्याला कैदेत टाकण्यात आले. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडवून त्याचा पक्ष घेतला, आणि पाहता पाहता कोकणचा मोठा प्रदेश या तोतयाच्या अंमलाखाली गेला. अखेर पेशव्यांच्या फौजांनी त्याचा पराभव केला. समुद्रमार्गे पळत असता कुलाब्याला रघुजी आंग्रे यांनी त्याला पकडले. आणि पुण्यास चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले.

हा बंडावा इतका वाढला कसा? लोक भोळे होते, असे उत्तर देऊन भागणार नाही. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला होता. गादीवर अज्ञान बालक होते. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. आणि खरी सत्ता कोणाची, हेच सामान्य रयतेला व किल्लेदारांना निश्चित सांगता येत नव्हते. अधिकाराचे मूळच जेव्हा संदिग्ध होते, तेव्हा तोतयाला जागा मिळते. शिवाय ज्यांनी त्याला मानले त्यांपैकी कित्येकांना त्यापासून लाभाची आशा होती, आणि कित्येकांना तो खरा असावा अशी मनापासून इच्छा होती. भय, लोभ आणि आशा या तीन मार्गांनी तोतया माणसाच्या मनात शिरतो. आजही यांहून चौथा मार्ग फारसा आढळत नाही.

ज्या माणसाला पुण्यात हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्याच्या तोतयाचा निर्णय अखेरपर्यंत लागण्यास पंधरा वर्षे, एक फौज आणि एक जाहीर चौकशी लागली, ही गोष्ट आजच्या प्रश्नाकडे वळताना विसरून चालणार नाही.

४

एकोणिसाव्या शतकात ओळखीच्या पुराव्याची दिशा बदलली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. उद्या हा मनुष्य करार नाकारील, ही त्यामागील भीती. पुढे हुगळी येथे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेण्यास त्याने सुरुवात केली; मृत मनुष्याच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलू नयेत, हा त्याचा उद्देश होता. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले. त्याच्या वर्गीकरणपद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा वाटा मोठा होता.

या शोधाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची दिशा पाहावी. मुद्रा सत्तेची होती आणि ती प्रजेला दाखविली जात असे. अंगठा प्रजेचा होता आणि तो सत्तेला दाखवावयाचा होता. संशयाचा विषय आता हुकूम राहिला नाही, मनुष्य झाला. हीच परंपरा स्वातंत्र्योत्तर काळातही, अर्थात लोककल्याणाच्या भिन्न हेतूने, चालू राहिली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. टेंभलीच्या रहिवाशाला आपण कोण आहोत हे दहा बोटांनी आणि दोन डोळ्यांनी सिद्ध करता येऊ लागले. परंतु टेंभलीला जो सरकारी माणूस म्हणून येतो वा दूरध्वनी करतो तो खरोखर सरकारी आहे काय, हे पडताळण्याचे तितके सोपे साधन त्याच्या हाती आले नाही.

५

विसाव्या शतकातील दोन प्रसिद्ध प्रकरणे या विषमतेवर चांगला प्रकाश टाकतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये बर्लिनजवळच्या क्योपेनिक या गावी विल्हेल्म फोक्ट नावाच्या एका चांभाराने जुन्या बाजारातून कॅप्टनचा गणवेश मिळविला, रस्त्यातील शिपायांच्या तुकडीला आपल्यामागे येण्याचा हुकूम केला, नगरभवनात जाऊन महापौराला अटक केली आणि तिजोरीतील साडेतीन हजारांवर मार्क पावती देऊन उचलले. त्याच्याजवळ कोणताही लेखी हुकूम नव्हता. मात्र स्थानिक टपालकचेरीतून बर्लिनला दूरध्वनी होऊ नयेत, याची खबरदारी त्याने घेतली होती.

दुसरे प्रकरण आपल्या देशातील आहे. २४ मे १९७१ रोजी दिल्लीच्या पार्लमेंट स्ट्रीटवरील स्टेट बँकेच्या मुख्य रोखपालाला दूरध्वनी आला. बोलणारा आवाज प्रथम पंतप्रधानांच्या सचिवाचा आणि मागाहून खुद्द पंतप्रधानांचा असल्याचे त्याला वाटले. बांगला देशाच्या गुप्त कार्यासाठी साठ लाख रुपये तातडीने हवे आहेत, परवलीचा शब्द सांगणाऱ्या माणसाच्या हवाली करावेत, असा आदेश होता. रोखपालाने तो पाळला. रक्कम घेणारा रुस्तुम सोहराब नगरवाला त्याच दिवशी पकडला गेला आणि बहुतेक पैसा परत मिळाला. आपणच दोन्ही आवाजांची नक्कल केली, असे नगरवालाने कबूल केले. पुढे या प्रकरणाविषयी अनेक शंका उपस्थित झाल्या व जगनमोहन रेड्डी आयोगाने त्याची चौकशी केली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, परवलीचा शब्द ठरविणारा आणि तो वापरणारा एकच असल्यामुळे त्या शब्दाला पुराव्याचे मूल्य उरले नव्हते.

दोन्ही प्रकरणांत समान असलेली बाब अशी : दोन्ही ठिकाणी अधिकाराचा केवळ आविर्भाव होता, दोन्ही ठिकाणी घाई होती, आणि दोन्ही ठिकाणी फसविल्या जाणाऱ्याचा इतरांशी संपर्क तोडण्यात आला होता, एका ठिकाणी टपालकचेरी अडवून आणि दुसऱ्या ठिकाणी राजगुह्याचा दंडक घालून. गोतसभेने जे सार्वजनिक व सावकाश केले असते, ते तोतया एकान्तात व क्षणात उरकतो.

६

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. 'डिजिटल अटक' या नावाने कुप्रसिद्ध झालेला प्रकार क्योपेनिकच्या नाटकाची आवृत्तीच होय. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमचे खाते काळ्या पैशाच्या व्यवहारात आढळले, असा दूरध्वनी येतो. मागाहून चित्रसंवादावर गणवेशातील अधिकारी दिसतो. पाठीमागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. पीडिताला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, पडद्यासमोर बसवून ठेवतात. घरात कोणास सांगू नये असे बजावतात. आणि 'तपासणीसाठी' त्याची पुंजी दुसऱ्या खात्यात वळती करावयास लावतात. अशा प्रकारची अटक आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात जाहीरपणे सांगितले. तथापि ऑक्टोबर २०२५ मध्ये, खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एका वृद्ध दांपत्याला लुबाडल्याचे उघडकीस आले, तेव्हा न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. देशातील सर्वोच्च मुद्रेचीच नक्कल झाली, आणि ती मुद्रा खरी की खोटी हे पाहणाऱ्याला जागच्या जागी ठरविता आले नाही.

१९७१ मध्ये एका आवाजाची नक्कल करण्यास नट लागत होता. आता ते काम यंत्र करते. २०२४ च्या आरंभी उघड झालेल्या एका प्रकरणात अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी संस्थेच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्याने चित्रसंवादात आपले वरिष्ठ व सहकारी पाहिले, त्यांचे बोलणे ऐकले आणि सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. पडद्यावरील ती माणसे कृत्रिमरीत्या निर्माण केलेली होती. चेहरा व आवाज ही ओळखीची सर्वांत जुनी साधने. त्यांचा भरवसाही आता राहिला नाही.

मग विज्ञानाने नवी मुद्रा दिलीच नाही काय? दिली आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीच्या गूढलेखनाची कल्पना मांडली, आणि पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती व्यवहार्य करून दाखविली. आपल्या देशात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय स्वाक्षरीला वैधता दिली. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी पुष्कळ वर्षे दिसत आलेले कुलपाचे चिन्ह याच विद्येचे फळ होय. परंतु मुद्रा व मोर्तब यांतील भेद येथे आठवावा. वाटेत मजकूर कोणी वाचला वा बदलला नाही, आणि आपण त्या पत्त्याशीच बोलत आहोत, एवढेच ते कुलूप सांगते. त्या पत्त्याचा धनी प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. बँकेच्या नावात एका अक्षराचा फरक करून घेतलेल्या पत्त्यालाही तेच कुलूप मिळते.

ओटीपीची गोष्ट याहून बोलकी आहे. कार्ड प्रत्यक्ष न दाखविता होणाऱ्या व्यवहारांत दुसऱ्या पुराव्याची अट रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून घातली, आणि त्यामुळे केवळ कार्डावरील आकडे चोरून भागेनासे झाले, हे खरे. परंतु ओटीपी हा ग्राहकाने बँकेला द्यावयाचा पुरावा आहे. ग्राहकाला दूरध्वनी करणाऱ्याने 'मी बँकच आहे' असे सिद्ध करण्यासाठी द्यावयाचा कोणताही परवलीचा शब्द त्या व्यवस्थेत नव्हता. पहारेकऱ्याने परवली विचारावी हा गडावरचा नियम. येथे मात्र दाराबाहेरचा अनोळखी मनुष्य घरधन्याला परवली विचारतो, आणि ती सांगणे हे आपले कर्तव्यच आहे असे घरधन्याला वाटते. कारण आयुष्यभर प्रत्येक कचेरीत त्याने तेच केलेले असते.

खाजगी माहितीच्या रक्षणाचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. तोतयाला संवाद पाठ करण्यासाठी मजकूर लागतो : नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे अंक, केलेला प्रवास. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने आपल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेल्याचे जाहीर केले. त्यांत पारपत्रांचा तपशीलही होता. अशी माहिती ज्याच्या हाती पडते तो अनोळखी राहत नाही, परिचित होतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. खाजगीपणाची चर्चा बहुधा प्रतिष्ठेच्या अंगाने होते. परंतु ते सामान्य माणसाच्या तिजोरीचे पहिले दार आहे, हे अंग तितकेच महत्त्वाचे आहे.

७

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष केवळ अभ्यासापुरता नाही. फसविल्या गेलेल्या माणसाचे नुकसान कोणी सोसावयाचे, हा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. तिऱ्हाइताच्या कृत्याने नुकसान झाले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार नाही. परंतु ग्राहकाने स्वतः गुप्त शब्द सांगितला असेल, तर तो निष्काळजीपणा समजून, बँकेला खबर देईपर्यंतचे सर्व नुकसान त्याच्याच माथी येई. येथे 'निष्काळजीपणा' या शब्दात एक गृहीत दडलेले आहे : मनात आणले असते तर त्याला खरेखोटे पडताळता आले असते. इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही. क्योपेनिकच्या महापौराला ते साधले नाही, अनुभवी रोखपालाला साधले नाही, आणि पुणे दरबारालाही सावकाशीनेच साधले. जे त्यांना जमले नाही ते सेवानिवृत्त शिक्षकाने एकट्याने, भयभीत अवस्थेत, काही मिनिटांत करावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीची भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत, काही अपवाद वगळता, पैसे पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांनी निम्मी निम्मी सोसावी, असा नियम झाला. ज्याच्या हाती पडताळणीची साधने आहेत त्यानेच धोका पत्करावा, हे तत्त्व त्यामागे आहे.

पुराव्याची दिशा पुन्हा वळविण्याचे काही प्रयत्न आपल्याकडेही सुरू झाले आहेत. बँकांनी आपली संकेतस्थळे केवळ बँकांसाठी राखून ठेवलेल्या 'बँक डॉट इन' या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. अंमलबजावणी संचालनालयाने त्याच वर्षी आपल्या समन्सवर क्यूआर चिन्ह व संकेतशब्द छापण्याची पद्धत जाहीर केली, जेणेकरून ज्याच्या हाती समन्स पडेल त्याला ते खरे की खोटे हे संचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता यावे. या उपायांचे तांत्रिक मोल कितीही असो, ऐतिहासिक दृष्ट्या ते अर्थपूर्ण आहेत. हुकूम काढणाऱ्याने आपल्या हुकुमाचा खरेपणा प्रजेपुढे सिद्ध करावा, हा मुद्रेचा मूळ धर्म त्यांत पुन्हा दिसू लागला आहे.

'सावध राहा' हा उपदेश चुकीचा नाही. आलेला संवाद तोडून स्वतः माहीत असलेल्या क्रमांकावर विचारणा करावी, घाई करू नये, एकान्त पाळण्याची अट घालणाऱ्यावर तेवढ्याच कारणाने अविश्वास धरावा, आणि नुकसान झालेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे प्रत्येकाने करण्यासारखेच आहे. त्यांतील पहिले तिन्ही नियम म्हणजे गोतसभेच्या पद्धतीचा घरगुती अवतार होत. परंतु उपदेशाने व्यवस्थेची जागा भरून निघत नाही. वतनदारीच्या तंट्यांतील महजर, वसाहतकालीन अंगुलिमुद्रा कार्यालयांची कागदपत्रे आणि अलीकडील बँक लोकपालांचे निर्णय एकत्र ठेवून, पुराव्याचा भार कोणत्या काळी कोणावर होता आणि तो का सरकला, याचा सविस्तर अभ्यास होणे अवश्य आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना मोडी वाचता येते आणि मुद्रांचा खरेपणा तपासण्याची शिस्तही त्यांना परिचित आहे. या कामास त्यांनी हात घालावा.